दुसऱ्यांच्या स्लॅबवरचे बाबालालमामा

तासगावात कुणी नवा स्लॅब टाकला की बाबालालमामा न बोलावता शिडी चढतात आणि त्याला पाणी घालतात. सत्तरी उलटलेले गवंडी. स्वतःचं काम कधीच थांबलं, पण दुसऱ्याचा स्लॅब यांच्या तावडीतून सुटत नाही. वर पसरलेल्या गोणपाटाची कड उचलतात, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा पालथा हात लावतात आणि म्हणतात, "ताप हाय. पानी पाजा."

एकदा तर लग्नाच्या पंगतीतून उठून शेजारच्या छतावर गेले. खालून यजमान हाका मारतायत, आणि हे वरून, "नवरानवरी जेवली न्हवं? मग ह्याला बी पाजू द्या की!"

गेल्या मे महिन्यात मी माझ्या बेदाण्याच्या शेडशेजारी खोली बांधली. तिच्यात बाया बेदाणा निवडायला बसणार होत्या. स्लॅब पडला आणि मामा हजर. मातीची आळी करून त्यांनी वर पाणी तुंबवलं. आमचा जन्म द्राक्षं वाळवण्यात गेलेला. वाळलं म्हणजे झालं, एवढीच अक्कल. चौथ्या दिवशी मी आळी फोडली आणि स्लॅब चक्क वाळत घातला. मामांनी पुन्हा भरली, मी पुन्हा फोडली.

"आवं, त्यो वाळून न्हाई, पानी पिऊन घट्ट हुतो. ह्या उनात पानी उडालं तर कच्चा ऱ्हाईल."

मी मजुरांदेखत ओरडलो, "मामा, घरात कुनी इचारत न्हाई म्हनून माझ्या डोक्यावर बसलाय व्हय?"

मामांना बायको नाही, मूल नाही, हे मला माहीत होतं. तरी बोललो. मामा शिडी उतरले आणि पुन्हा आले नाहीत.

महिन्याने खोली तपासायला आलेल्या इंजिनिअरने स्लॅबवर हातोडी मारली. वरचा थर भुसभुशीत, सगळीकडे भेगा. "याच्याखाली बाया बसवू नका. पाडा," तो म्हणाला. मजुरांपुढे मला तोंड लपवायला जागा उरली नाही.

माफी मागायला मामांच्या घरी गेलो. ते एकटेच चहा उकळत होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी विचारलं, "खाली कुनी सापडलं न्हाई न्हवं?"

"न्हाई, मामा. पडायच्या आदीच पाडला."

त्यांनी दोन कपांत चहा ओतला. मग सांगितलं. तरुणपणी कडेगावात त्यांनी एका मालकाची गॅलरी बांधली होती. मालकाने पाणी घालू दिलं नाही, वर अंगावर धावून आला. मामा निघून आले. पुढे गॅलरी कोसळली, तेव्हा खाली मालकाची लेक खेळत होती.

"तवाबी मालक वरडला आन म्या गेलो," मामा म्हणाले. "तुमी वरडलासा, तरी जायाला नगं हुतं. चुकलं माजं. माफ करा, दादा."

तो चहा प्यायचीही मला लाज वाटत होती.