कालिंदीहून मी लहान

आमच्या लालबागच्या चाळीत मला सगळे नावाने हाक मारतात आणि शेजारच्या कालिंदीला 'ताई' म्हणतात. ही व्यवस्था मीच लावली. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सांगून टाकलं, मी हिच्याहून दोन वर्षांनी लहान. आपण ठासून सांगितलं की लोक ऐकतात.

आम्ही दोघी डंखावर, म्हणजे मसाले कुटायच्या गिरणीत, मिरच्यांची देठं खुडतो. परवा कालिंदी जेवणाच्या सुट्टीनंतर आली ती हातात कार्ड नाचवत.

"पेन्शनचं गो. आपल्यासारख्या हातावर पोट असलेल्यांसाठी. थोडे आपण भरायचे, तेवढेच सरकार भरतं. साठीनंतर महिना तीन हजार. मंडळाच्या हॉलात शिबिर लागलंय."

माझा नुसता जळफळाट! कार्ड तिच्या हातात आणि मिरच्या झोंबल्या मला. म्हातारपणी ही स्वतःच्या पैशाने पापलेट आणणार, आणि मी सुनेपुढे हात पसरणार? देठं तिथेच टाकून उठले. नवरा रंगकामावरून घरी जेवायला आला होता, त्या राजारामलाही ओढला. मजा बघायला डंखावरच्या निम्म्या बायका मागे, कालिंदी सगळ्यांत पुढे.

शिबिरात अर्ज भरून घेणाऱ्या शंतनुने माझं आधारकार्ड घेतलं, लॅपटॉपमध्ये बघितलं आणि हळूच म्हणाला, "मावशी, नाही होणार. वय चाळीसच्या आत लागतं."

शहाणी बाई इथून घरी गेली असती. पण कालिंदी फिसकन हसली ना!

"मग हिला कसं घेतलं? ही माझ्याहून मोठी आहे. चाळीत कुणालाही विचारा. रद्द करा तिचं कार्ड!"

शंतनु घाबरला. त्याने कालिंदीचं सगळं पुन्हा तपासलं. "बरोबर आहे. यांना अडतीस."

"म्हणजे हिला छत्तीस," कालिंदी गोड आवाजात म्हणाली. "घ्या बिचारीला."

"कसं घेऊ?" शंतनु रडकुंडीला आला. "यांना बेचाळीस पूर्ण आहेत."

 राजाराम माझ्याकडे बघत बोटं मोजत होता.

"गो, मी अजून चाळीसचा नाय झालो. तुझ्या आईने तर तुला माझ्याहून तीन वर्षांनी लहान सांगितलेली."

"होती तेव्हा," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

शंतनुचा मात्र चेहरा खुलला. "मग काकांचं होईल! आणि पेन्शन सुरू झाल्यावर काका गेले, तर निम्मी तुम्हाला."

म्हणजे मला दीड हजार मिळणार कधी, तर माझ्याहून लहान नवरा माझ्याआधी गेला तर. राजारामने छाती फुगवून सही केली आणि कार्ड खिशात घातलं.

संध्याकाळी दारातून कालिंदीचा आवाज आला. "ताई, वाटीभर साखर आहे का?"

मी चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिले.

खाटेवरून राजाराम अदबीने म्हणाला, "अहो, तुम्हाला हाक मारतायत."