गोपाळकृष्णपंतांची आकाशस्वारी आणि थर्मासचा निवाडा

कातळावर बसणार, आभाळाकडे मान मोडेतो पाहणार, समस्त विमानप्रेमी मंडळ, मुक्काम मिरजोळ्याचा सडा, म्हणजे गावावरचे कातळाचे पठार, तालुके रत्नागिरी, यांचे आज्ञेवरून सेवक चिटणीसाने ही हकीकत लिहिली. खोटे लिहिणार नाही, शोभेपुरते वाढवील, त्याची माफी असावी.

शहरास धावपट्टी आहे, आणि उतारूंचे विमान आज येते उद्या येते ऐसे ऐकता ऐकता मंडळाचे केस पिकले. परंतु शौक ऐसा की नित्य सायंकाळी साडेपाचास सड्यावर चटई पडे, आणि मुंबईहून दक्षिणेस जाणारे विमान डोईवरून जाऊ लागले की मोबाईलवर शोधण्यापूर्वी त्याची जात, बोइंग की एअरबस, सांगावी, आणि जो चुकेल त्याने दुसरे दिवशी चहाचा थर्मास घरापासून सड्यापर्यंत वाहावा, ऐसा मंडळाचा कायदा. हा थर्मास दोन वर्षे सेवकाचेच खांद्यावर आहे. असो.

मंडळात फौजा दोन. बोइंगच्या फौजेचे सरलष्कर गोपाळकृष्णपंत बेहेरे, वय त्रेसष्ट, हापूसची तीनशे कलमे, आवाज दांडगा. एअरबसकडील सेनापती मुकुलराव ओगले, हायस्कुलात भूगोल शिकवितात, आवाज बेताचा, हट्ट दुप्पट. तिसरे काशीराम गोताड, जयगड बंदरी क्रेन चालवितात. ते कोणाचेच नाहीत, म्हणोन दोघांचाही मार खातात. बोइंगचा वैमानिक दोन्ही हाती सुकाणू धरतो ती मर्दुमकी, की एअरबसचा वैमानिक बाजूचा इवलासा दांडा हलवितो ती अक्कल, या एका कलमावर चौदा वर्षे लढाई चालली आणि इंचभर मुलूख इकडचा तिकडे जाहला नाही.

परंतु निकराचे वेळी पंत एक ब्रह्मास्त्र काढीत. ते ऐसे की सन १९८७ साली पंत मुंबईहून दिल्लीस खासा बोइंगमधून गेले, हवाईसुंदरीने तबकातून लिमलेटच्या गोळ्या दोनदा फिरविल्या, आणि विमान उडाले तेव्हा पोटातले पाणीही हलले नाही. मग मंडळ विषय सोडून चहा पिई. आणि खरी गोष्ट ऐशी की पंत जन्मात विमानात बसलेच नव्हते. हे पंतांस ठाऊक आणि देवास ठाऊक. मुकुलराव दरवर्षी म्हणत, चला, एकदा संगे उडून निकाल लावू. आणि पंत कधी मोहोराची फवारणी, कधी गणपती, कधी गुडघा पुढे करोन सुटत.

मग शके १९४७, कार्तिक मासी, कन्या भार्गवी, जी हैदराबादेस नांदते, तिने बारशाचे आमंत्रण धाडिले, आणि आमंत्रणासोबत गोव्यातील मोप्याचे विमानतळाहून तिकीटच धाडिले. नातीचे बारसे, गुडघा चालेना. तिकिटासोबतचे टिपणात विमान बोइंग ऐसे लिहिले होते. मुकुलरावांस दिवाळीची सुटी उरली होती. त्यांनी तात्काळ शेजारची जागा घेतली आणि मंडळास कळविले की आता प्रत्यक्ष रणांगणी पाहू. सेवकाने मागली रांग धरिली. पंतांस त्या रात्री झोप लागली नाही. चौदा वर्षांची अब्रू चव्हाट्यावर यायची वेळ आली होती आणि पळावयास वाट नव्हती.

पहाटेचे गाडीने कूच करोन स्वारी मोप्यास दाखल जाहली. तेथे पहिला घाव बसला. पंतांनी लेकीकरिता मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्यांची बरणी हातातले पिशवीत घेतली होती. तपासणीचे नाक्यावर शिपायाने बरणी अडविली, की पातळ पदार्थ आत नेता येत नाही. पंतांनी पाऊण तास रदबदली केली, कैरी हा घन पदार्थ आहे ऐसे सिद्ध केले, एक काढून खाऊनही दाखविली. शिपाई बधला नाही. बरणी जप्त. जो एकवार उडाला तो ऐसी बरणी आणील काय, हे मुकुलरावांचे ध्यानी आले. त्यांनी पंतांची पिशवी उचलोन पुढची वाट धरिली.

इतकियात मोठा घात जाहला. ऐन वेळी विमान बदलले, बोइंगचे जागी एअरबस लागली. मुकुलरावांनी मोठ्या काचेतून तिचे नाक पाहोन ओळखली. पंत बरणीचे शोकात होते. त्यांनी काचेकडे पाहिलेच नाही, आणि विमानाचे दारास जोडलेल्या बंद बोगद्यातून थेट आत शिरले. ज्यांनी दहा कोसांवरून विमानाची जात सांगावी, त्यांस पोटात शिरोन जात कळली नाही!

आसनस्थ होताच पंतांनी मंडळाचे ग्रुपवर आवाजी खलिता धाडिला, की काय ही ऐसपैस बैठक, काय ही शांतता, बोइंग ती बोइंग, एअरबसवाल्यांनी येऊन शिकावे. काशीरामाने जयगडास क्रेनवर बसोन तो ऐकिला आणि अंगठा दाखविला. मग पंत पट्टा शोधू लागले. स्वतःचा सापडेना, म्हणोन मुकुलरावांचा ओढू लागले. मुकुलराव हळूच वदले, "काका, तुमचा तुमच्या खालीच आहे," आणि आपले हाते अडकवून दिला. नंतर पंतांनी चष्मा लावोन समोरचे खिशातील सूचनांचा कागद काढिला. त्यावर मोठ्या अक्षरी लिहिले होते, एअरबस. पंतांचा चेहरा पाहवेना. मुकुलराव खिडकीबाहेर पाहू लागले, जैसे धावपट्टी प्रथमच पाहतात.

विमान उडाले. पंतांचे पोटातले पाणी यथेच्छ हलले. त्यांनी मुकुलरावांचे मनगट जे धरिले ते ढग ओलांडेतो सोडिले नाही. नखांचे वण दोन दिवस होते. लिमलेटच्या गोळ्या कोणी फिरविल्या नाहीत. पंत वाट पाहत होते.

बारसे यथासांग जाहले, स्वारी परतली, आणि सड्यावर दरबार भरला. काशीरामाने सरळ पुसिले, की काय निकाल? आणि लागलीच त्या दिवशीचे विमान कोणत्या जातीचे होते ते पाहावे म्हणोन मोबाईल काढिला. मुकुलरावांनी त्याचे मोबाईलवर हात ठेविला. चौदा वर्षांचा वैरी सापडला, खलिता आणि बरणी ऐसी दोन दोन हत्यारे हाती, आणि हे गृहस्थ म्हणाले, "बोइंगच होतं. काकांनी सांगितलं ते बरोबर."

एअरबसचे सेनापतीने आपल्याच दैवताविरुद्ध साक्ष द्यावी! पंतांनी चटईची एक काडी ओढोन काढिली. मग म्हणाले, "एअरबस होतं. नि सत्त्याऐंशी सालची ती गोष्ट थाप आहे, मी जन्मात पहिल्यांदाच बसलो. या मेल्यानं माझा पट्टा बांधला नि कुणाला बोलला नाही."

काशीरामाने चहा ओतला. कायद्याचे कलम स्पष्ट होते: विमानाची जात चुकली, तीही विमानात बसोन. पंतांनी स्वतः उठोन सेवकाचे खांद्यावरचा थर्मास काढोन आपले खांद्यावर घेतला, मुकुलरावांनी तो घ्यावयास हात पुढे केला, तो पंतांनी झिडकारला, आणि दोघे सडा उतरता उतरता सुकाणू की दांडा यावर पुन्हा कडाडून भांडू लागले.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. बोइंग हरली नाही, एअरबस जिंकली नाही. पंतांनी चौदा वर्षांची थाप सर केली, तो गड दफ्तरी मंडळाचे नावे लिहिला असे. आणि सेवकाचा खांदा दोन वर्षांनी मोकळा जाहला, हेही लिहून ठेविले आहे.