दोन बोटं वाढीव

चिमाजीबाबांच्या घरात बूट कधीच पायाच्या मापाचे आणले जात नसत. ते दोन बोटं वाढीव आणले जात. "पोरं वाढतात, बूट वाढत नाय," हा बाबांचा सिद्धांत होता आणि त्यात चूक काढायला जागा नव्हती. अडचण एवढीच होती, की बूट पायाला नीट बसू लागले की नेमके त्याच महिन्यात फाटत. त्यामुळे त्यांचा मुलगा भारत दहावी झाला तरी मापाचा बूट कसा लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. आता त्याची मुलगी सृष्टी पाचवीत होती आणि तिचीही तीच गत होती.

मागच्या पंधरा ऑगस्टला तर कहरच झाला. सृष्टी संचलनात तिसऱ्या रांगेत होती. सरांनी "डावा उजवा, डावा उजवा" केलं, सृष्टीनं उजवा पाय जोरात उचलला, आणि पाय खाली आला पण बूट आला नाही. तो हवेतून गेला आणि थेट प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपुढं जाऊन पडला. पाहुणे भले होते, त्यांनी तो उचलून टेबलावर ठेवला, नारळाशेजारी. वर्षभर शाळेत सृष्टीला कुणी सृष्टी म्हटलं नाही. "ए रॉकेट" अशीच हाक.

यंदा मात्र तिला पथकाच्या पुढं चालायचं होतं. सगळ्या पथकाला हुकूम तीच देणार होती. पण सरांनी बजावलं होतं, "पायात मापाचे बूट असतील तरच पुढं. नाहीतर तू आपली गाणाऱ्या मुलींत उभी राहा." सृष्टीनं घरी येऊन हे सांगितलं आणि जेवली नाही. जुन्या बुटांचे तळवे गेल्याच आठवड्यात सुटले होते आणि भारतनं ते टाकूनही दिले होते.

पंधरा ऑगस्ट शुक्रवारी होता. भारतची ओझरच्या कारखान्यात पहिली पाळी, त्याच्या बायकोला, प्रतिभाला, अंगणवाडी, सृष्टीची दिवसभर तालीम. बुधवारी नाशकात गंगेवरच्या, म्हणजे गोदाघाटावरच्या, बाजाराला कोथिंबीर घेऊन जाणारे एकटे चिमाजीबाबाच होते. गुरुवारी मोतीरामशेठचं बुटांचं दुकान बंद, म्हणजे बदलून आणायचीही सोय नाही. प्रतिभानं बराच विचार केला आणि सासऱ्यांवर भरवसा ठेवायचं धाडस केलं.

मंगळवारी संध्याकाळी तिनं सृष्टीला भिंतीला टाच लावून उभं केलं, टाचेपासून अंगठ्यापर्यंत सुतळी धरली आणि बरोबर तिथं कापली. ओळखू यावी म्हणून मधोमध लाल दोरा गुंडाळला आणि सुतळी ओट्यावरच्या खुंटीला अडकवली.

"आबा, हे माप. अंगठ्यापुढं किती जागा ठेवायची ते मोतीरामशेठ बघतील. तुम्ही वाढीव सांगायचं नाही."

"नाय सांगत."

"दोन बोटं नाही."

"नाय म्हटलं ना."

"एक बोटसुद्धा नाही. तुळशीला हात लावा."

चिमाजीबाबांनी तुळशीला हात लावला. लावताना त्यांचा चेहरा कुणी जमीन लिहून मागितल्यासारखा झाला होता, पण लावला.

बुधवारी सकाळी बाजारात गावातल्या गेणूच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून क्रेट उतरले, बाबांनी गोणपाट अंथरलं, दीडशे जुड्या रचल्या, पाणी शिंपडलं आणि सुतळी आहे ना बघायला खिशात हात घातला. खिशात तंबाखूची पुडी होती, मोबाइल होता, सुतळी नव्हती. ती खुंटीवरून काढायलाच ते विसरले होते. त्यांनी घरी फोन लावला. फोन सरूबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, उचलला.

"अगं, खुंटीवर लाल दोऱ्याची सुतळी हाय बघ. सूनबाई आन् पोर तर गेल्या असतील. तूच ती किती वीत हाय ते मोजून..."

"कुठंय? नाय इथं."

"नाय कशी? काल लावली ना!"

"आता गं बया," सरूबाई म्हणाल्या. "ती तर म्या जुडीला बांधली."

"जुडीला?"

"रात्रीच्या जुड्यांत एक सुटी राह्यली हुती. म्हटलं, खुंटीला तुकडा हाय, वाया कशाला घालवा?"

"कंच्या जुडीला बांधली?"

"कोथिंबिरीच्या."

"अगं, दीडशे हायत्या!"

"मग शोधा की. लाल दोरा हाय ना," सरूबाई म्हणाल्या आणि दूध उतू जातंय म्हणून फोन ठेवला.

बाबांनी रचलेली सगळी कोथिंबीर विस्कटायला घेतली. शेजारी मेथी घेऊन बसणाऱ्या कुसाबाई बघतच राहिल्या. तेवढ्यात गिऱ्हाइकं येऊ लागली. बाबा हात लावू देईनात. "ही नका घेऊ, थांबा. तीबी नका घेऊ." एका बाईनं विचारलं, "विकायला आणलीय की दाखवायला?" बाबा पुढची जुडी उलटत राहिले. एकशे तीस जुड्या पाहून झाल्या. लाल दोरा नव्हता.

"वीस कमी भरत्यात गं," ते कुसाबाईंना म्हणाले.

"कमी नाय काय. तुम्ही फोनवर वरडत हुता तवा भागीबाईनं नेल्या ना. मिसळवालीनं. पैसे ते काय गोणपाटाखाली ठिवल्यात."

चिमाजीबाबांनी दुकान कुसाबाईंच्या हवाली केलं आणि पळाले. आता पळाले म्हणजे काय, तर त्यांच्या पायात जी चप्पल होती तीही दोन बोटं वाढीव होती. सत्तराव्या वर्षीसुद्धा. त्यामुळे दर दहा पावलांवर चप्पल मागं राहायची, बाबा पुढं जायचे, मग परत यायचे. भागीबाईंची मिसळीची गाडी जेमतेम दोनशे पावलांवर होती, पण बाबांना ती चारशे पडली.

ते पोचले तेव्हा पाच-सहा माणसं मिसळ खात होती. भागीबाई विळीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या हातात जी जुडी होती तिच्यावर लाल दोरा होता.

"थांबा!" बाबा ओरडले. "ती जुडी सोडू नका!"

पण सरूबाईंची गाठ आजवर कुणाला सुटलेली नव्हती. भागीबाई नखानं सोडवून दमल्या होत्या. बाबा ओरडले आणि त्याच क्षणी त्यांनी जुडी विळीवर दाबली. गाठ तिच्या दोन्ही शेपटांसकट कच्चकन कापली गेली आणि देठांच्या ढिगात पडली.

"काय झालं हो?"

"जुडी ठेवा तुम्हाला, दोरी द्या मला!"

भागीबाईंनी दोरीकडं पाहिलं. मग त्यावरच्या लाल दोऱ्याकडं पाहिलं. मग त्या विळीवरून उठूनच उभ्या राहिल्या.

"बाबा, लाल दोरा कशाला बांधलाय हो जुडीला? काय उतारा-बितारा तर नाय ना?"

झालं. मिसळ खाणाऱ्यांचे चमचे थांबले. एक गृहस्थ हातातली प्लेट नाकाजवळ नेऊन वास घेऊ लागले. दुसऱ्यानं पाव खाली ठेवला. "मला मघाशीच वेगळी चव लागली," तिसरा म्हणाला. खरं तर त्याची मिसळ अजून आलीच नव्हती.

"उतारा कसला! माप हाय ते," बाबा धापा टाकत म्हणाले.

"कशाचं माप?"

"पायाचं."

"कोथिंबिरीत पायाचं माप?" प्लेटवाले गृहस्थ म्हणाले आणि प्लेट त्यांनी पुरतीच लांब ठेवली.

मग चिमाजीबाबांना सगळं सांगावं लागलं. मागच्या सालचा बूट, प्रमुख पाहुणे, नारळ, रॉकेट, सरांचा हुकूम, खुंटी, सरूबाई. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक झाला. "पोर रातच्याला जेवली नाय हो. आज बूट नाय नेले तर ती मागं गाणाऱ्यांत उभी राह्यल. माझ्यामुळं." हे शेवटचं वाक्य त्यांच्या तोंडून असं निघालं की त्यांना स्वतःलाच धक्का बसला. इतकी वर्षं त्यांनी बुटांना दोष दिला होता, कधी सरांना, एकदा तर सृष्टीच्या चालीलाही.

भागीबाईंनी सुतळी धुतली, पदराला पुसली आणि त्यांच्या हातात दिली. "जावा बाबा, आधी बूट घ्या," त्या म्हणाल्या. माणसांनीही प्लेटा परत उचलल्या. वास घेणाऱ्या गृहस्थांनी तर वरून तर्री मागून घेतली.

मोतीरामशेठचं दुकान रविवार कारंजाच्या अलीकडं. शेठनी सुतळी सरळ करून पट्टीवर धरली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"नात कितवीला म्हणालात?"

"पाचवीला."

"पाय फारच लहान आहे हो. हा तेरा नंबर झाला. अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा धरूनच सांगतोय. तेरा म्हणजे दुसरीतल्या पोरीचा." त्यांनी बूट काढला, तळवा वाकवून दाखवला, टाच दाबून दाखवली. "बघा, चवड्याशी वाकतो, मधेच नाही. टाच कडक आहे. चांगला माल आहे. देऊ?"

चिमाजीबाबांनी तो एवढासा बूट हातात घेतला. प्रतिभाला दिलेला शब्द आठवला, तुळस आठवली. मग ओट्यावर उड्या मारणारी सृष्टी आठवली, जी जूनपासून नुसती वाढत होती. हा बूट दिवाळीपर्यंत तरी पुरेल का? त्यांनी डोळे मिटले. पन्नास वर्षांची सवय तुळशीपेक्षा जड भरली.

"शेठ," ते हळूच म्हणाले, "दोन बोटं वाढीव द्या."

"मग तीन नंबर घ्या."

"तीन?" बाबा उसळले. "म्या वाढीव मागतो आन् तुम्ही तेरावरनं तीनवर आणता? मला काय अंक कळत नाय का?"

"अहो बाबा, पोरांच्या बुटांत तेराच्या पुढं परत एक येतो. मग दोन, मग तीन."

"असं कुठं असतं का?"

"बुटांत असतं."

बाबांनी दोन्ही बूट शेजारी ठेवून पाहिले तेव्हा कुठं त्यांची खात्री पटली. तीन नंबरचा खरोखरच मोठा होता. तो पाहून त्यांच्या जिवाला बरं वाटलं आणि दुकानाच्या पायऱ्या उतरल्यावर लगेच वाईट वाटू लागलं. ते गेणूच्या गाडीत बसले. खोका मांडीवर होता आणि त्यात शुक्रवारचं रॉकेट तयार होतं.

घरी सगळे ओट्यावर वाटच बघत होते. सृष्टीनं खोका हिसकावून घेतला. बाबा तोंड धुवायच्या निमित्तानं हौदाकडं गेले आणि पाठ करून उभे राहिले. चूळ भरून झाली, पाय धुऊन झाले, आणखी धुण्यासारखं काही उरलं नाही. मागून बुटांचा आवाज आला. टक, टक, टक. फटक-फटक नव्हे.

"आई! बसले! घसरतच नाही!"

प्रतिभानं खाली वाकून बुटाचं टोक दाबलं. अंगठ्यापुढं अर्ध्या बोटाची जागा, टाच घट्ट. तिनं सृष्टीला पळायला लावलं, उड्या मारायला लावल्या, "डावा उजवा" करायला लावलं. बूट पायातच राहिले. प्रतिभाचे डोळे भरून आले.

"आबा, तुम्ही शब्द पाळलात. मला खरंच वाटलं नव्हतं."

चिमाजीबाबा हौदापासून वळले. "हां... म्हंजे... तुळशीला हात लावला हुता ना," ते म्हणाले. मग लगबगीनं गेले आणि त्यांनीही बुटाचं टोक दाबून पाहिलं. एकदा नाही, चारदा. त्यांची दोन बोटं कुठंच सापडेनात.

सरूबाईंनी खोक्यातून सुतळी उचलली, उलटसुलट केली आणि नवऱ्याला गोठ्याकडं बोलावलं.

"माझी गाठ कुठंय?"

"ती भागीबाईनं विळीवर छाटली."

"दोन्ही शेपटं धरून?"

"हां."

सरूबाईंनी सुतळीच्या टोकापुढं, छाटल्या गेलेल्या तुकड्याच्या जागी, बोटं धरली. एक. दोन. मग त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. बाबांनी म्हशीकडं पाहिलं. मग दोघांनाही एकदमच हसू फुटलं. इतकं, की म्हैस खाता खाता थांबली. बाबांच्या छातीवरचा सकाळपासूनचा धोंडा त्या हसण्यातच कुठंतरी गळून पडला.

"सूनबाईला सांगशील?"

"मला काय करायचंय?" सरूबाई म्हणाल्या. "पण यापुढं वाढीव म्हणाल तर सांगीन."

शुक्रवारी शाळेच्या मैदानावर सगळं गाव होतं. सृष्टी पथकाच्या पुढं एकटी चालत होती. "दाहिने देख!" तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत गेला. पाय उचलले गेले, पाय खाली आले, आणि प्रत्येक वेळी बूटही बरोबर आला. प्रतिभा पदर तोंडाला लावून उभी होती. पथक पाहुण्यांसमोरून पार झालं तेव्हा तिनं श्वास सोडला.

चिमाजीबाबांना मात्र राहवेना. नात नीट दिसावी म्हणून ते गर्दीतून पुढं घुसले, दोरीपाशी आले, "शाब्बास माझी वाघीण!" म्हणून त्यांनी जोरात उडी मारली. पाय खाली आले. उजवी चप्पल आली नाही. ती हवेतून गेली आणि प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीपुढं जाऊन पडली.

पाहुणे मागच्याच वर्षीचे होते. त्यांनी चप्पल उचलली, पाहिली आणि सवयीनं नारळाशेजारी ठेवली. सगळं मैदान हसत होतं. हसली नाही ती एकटी सृष्टी. ती समोर बघून सरळ चालत राहिली, पण हसू दाबताना तिचे कान लाल झाले होते आणि हनुवटी थरथरत होती.

संध्याकाळी प्रतिभा सुतळी घेऊन ओट्यावर आली. "आबा, भिंतीला टाच लावा."

चिमाजीबाबांनी मुकाट्यानं टाच लावली. सृष्टीनं खाली बसून त्यांचा अंगठा धरला. सुतळी अंगठ्यापर्यंत आली, प्रतिभानं कात्री उघडली, आणि बाबांच्या ओठांवर काहीतरी येऊ लागलं.

"सूनबाई..."

"आबा, सत्तर वर्षांचे झालात. आता पाय वाढणार आहे का?"

बाबांनी जरा विचार केला. सरूबाईंकडं पाहिलं. त्या कोथिंबीर निवडत होत्या आणि त्यांनी दोन बोटं वर धरली होती.

"नाय," चिमाजीबाबा म्हणाले. "काप बरोबर."