थापाड्या तानीचा सत्कार

तुम्हाला म्हणून सांगते, गुपित सांभाळण्यात अख्ख्या धुळे जिल्ह्यात माझा हात धरणारं कोणी नाही! सकाळी मी मुलांसाठी गोष्टी लिहिते आणि दुपारी देवपुरातल्या माझ्या दोन खोल्यांच्या क्लिनिकमध्ये मुलांच्या मनातलं ऐकते. समुपदेशक आहे मी! मानसशास्त्रात एम. ए., वर डिप्लोमा. लोक तरीही 'डॉक्टर मॅडम' म्हणतात आणि मधूनच बी.पी. बघायला दंड पुढे करतात, ते सोडा. मुद्दा असा की क्लिनिकमधलं एक अक्षर सोळा वर्षांत बाहेर गेलेलं नाही. पुस्तकात तर नाहीच नाही! माझा नवरा प्रशील बिचारा विचारतो, "आज कोण आलं होतं गं?" मी म्हणते, "आज ऊन काय कडक होतं नाही?" आता त्याने विचारणंच सोडलंय.

तर मागच्या महिन्यात माझी कादंबरी आली, 'थापाडी तानी'. तेरा वर्षांची तानी श्वास घेतल्यासारख्या थापा मारते. कोणावर बेतली म्हणाल, तर माझ्यावरच! बोदवडच्या शाळेत मी सगळ्यांना सांगितलं होतं की माझे वडील स्टेशन मास्तर आहेत आणि मी सांगितलं की गाडी थांबते. आठवडाभर माझा थाट होता. पुढे वर्गातल्या सात जणी मला गाडी थांबवायला घेऊन स्टेशनवर गेल्या आणि मेल धाडधाड निघून गेली, तो भाग पुस्तकात घेतलेला नाही. आई अजून वाचते ना माझी पुस्तकं!

आता पुनमबद्दल सांगते. तिनेच मला लेखी परवानगी दिली आहे, नाहीतर माझ्या तोंडून नाव निघालं नसतं. पुनम नववीतली. धुळ्याजवळच्या एका खेड्यातून दर बुधवारी आजोबांच्या गाडीत बसून यायची. घरात पोपटासारखी बोलायची, पण घराच्या उंबऱ्याबाहेर पडली की तोंडाला कुलूप! वर्गात बाईंनी नाव विचारलं तरी डोळ्यांत पाणी. आठ महिने आम्ही दोघी झगडत होतो आणि आता कुठे ती माझ्यासमोर एक पान मोठ्याने वाचायला लागली होती. हरखून गेले होते मी! शाळेत कळलं की मुली चिडवतील म्हणून आजोबांनी गावात सांगितलं होतं, पोरगी इंग्रजीच्या क्लासला जाते. हे गुपित फुटलं असतं तर पुनमने पुन्हा तोंड मिटलं असतं, कदाचित कायमचं.

आणि मी अतिशहाणी! वाचनाच्या सरावासाठी मी तिला दिलं कोणतं पुस्तक? 'थापाडी तानी'!

पुढच्याच बुधवारी आजोबा, म्हणजे वना आबा, पुनमच्या आधी आत आले. टोपी हातात, चेहरा दिवाळीचा!

"मॅडम, तुमीन तं कमालच करी टाकी! मन्ही नात पुस्तकमा उनी!"

"कोण? कुठे? नाही हो आबा!"

"आते लपाडू नका. तानीना हनुवटीवर तीळ शे. पुनमना हनुवटीवर तीळ शे. तानीना आजा चोरीन विडी वढस. मी चोरीन विडी वढस, हाई फक्त पुनमलेच म्हाईत शे! मंग तुम्हले कोन सांगं?"

मी हात जोडले. खानदेशातला प्रत्येक आजोबा चोरून विडी ओढतो आणि प्रत्येकाला वाटतं आपलं कोणाला माहीत नाही! पण आबा ऐकतात कुठले? मी जितक्या वेळा 'नाही' म्हटलं, तितक्या वेळा त्यांनी डोळा मारला. "बरोबर शे, बरोबर शे. तुम्हना धंदामा सांगता येत नही!"

मागे उभी असलेली पुनम चपलेच्या अंगठ्याने फरशी टोकरत होती. त्या दिवशी तिने एक ओळसुद्धा वाचली नाही.

दोन दिवसांनी जळगावहून रतिलालभाईंचा फोन. रतिलालभाई म्हणजे माझे प्रकाशक. माणूस सज्जन, पण पुस्तक खपायचं दिसलं की त्यांना कुठे थांबायचं ते कळत नाही.

"मॅडम, कोणी वना आबा आहेत, त्यांनी पाठवलेला फोटो तुम्हाला धाडलाय, बघा! नशीब उघडलं आपलं!"

फोटो बघितला आणि मी मटकन खाली बसले. पुनमच्या गावच्या बसथांब्यावर वीस फुटी फ्लेक्स! मधोमध पुनमचा शाळेच्या गणवेशातला फोटो, शेजारी माझ्या पुस्तकाचं मुखपृष्ठ, आणि वर ठळक अक्षरांत, 'थापाडी तानी या कादंबरीची खरीखुरी नायिका कु. पुनम हिचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुक म्हणून समस्त भजनी मंडळ ओळीने, आणि कोपऱ्यात कानाला मोबाईल लावलेले वना आबा, गॉगल घालून! स्वतःच गावाला सांगितलेला इंग्रजीचा क्लास ते आनंदात पार विसरले होते.

"रतिलालभाई, तो फ्लेक्स काढायला लावा! आत्ताच्या आत्ता!"

"का? ही मुलगी ती नाही का?"

"नाही!"

"मग ओळखता तुम्ही तिला?"

हो म्हणावं तर कशी ओळखता, हा पुढचा प्रश्न. नाही म्हणावं तर न ओळखणाऱ्या मुलीचा फ्लेक्स काढायचा मला काय अधिकार?

"आज ऊन काय कडक आहे नाही?" मी म्हटलं.

"समजलो!" रतिलालभाई आनंदाने ओरडले. "मॅडम बोलत नाहीत म्हणजे तीच आहे! हे बघा, राहिलेल्या प्रकाशन समारंभाचा धुळ्यातला हॉल रद्द. समारंभ आता गावातच, मारुतीच्या पारासमोर. वना आबा सगळ्या गावाला भरीत-पुरी देणार आहेत. दीड मण वांगी भाजायला सांगितलीत!"

मी आबांना फोन केला. आबा वांगी बघायला गेले होते. पुन्हा केला, आबा मांडववाल्याकडे. तिसऱ्यांदा फोन पुनमने उचलला आणि काही न बोलता ठेवून दिला. ते मात्र मला फार लागलं. प्रशीलने विचारलं, "काय झालं गं?" आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्याला सगळं सांगावंसं वाटलं. सांगितलं नाही. नुसती रडले.

रविवारी गावात पोहोचले तर ही गर्दी! पारापासून दूध डेअरीपर्यंत माणसंच माणसं. वांग्यांच्या धुराने डोळे चुरचुरत होते. स्टेजवर तीन खुर्च्या होत्या, एक माझी, एक रतिलालभाईंची आणि मधली, झालर लावलेली, पुनमची! पुनम खाली पहिल्या रांगेत आईच्या पदराआड बसली होती, पांढरीफटक. मी ठरवलं, आपली अब्रू गेली तरी चालेल, या पोरीला वाचवायचं!

माझी पाळी येताच मी माईक घट्ट धरला. "मंडळी, खरं सांगते! तानी दुसरी कोणी नाही. तानी म्हणजे मीच! लहानपणी मी भयंकर थापाडी होते!"

मग टाळ्यांचा कडकडाट!

"काय मोठेपणा!" सूत्रसंचालक सर गहिवरले. "एका लहान मुलीची लाज राखायला मॅडमनी स्वतःला खोटारडं म्हणवून घेतलं!"

"अहो, खरंच मी…"

"मॅडम नही म्हनतस ना?" आबा खालून ओरडले. "म्हंजे पुनमच शे!"

पुन्हा टाळ्या! मला रडावं की पळावं कळेना. तेवढ्यात सरांनी पुकारलं, "आता शाल, श्रीफळ आणि टोपी देऊन सत्कार, आपल्या गावची तानी, कुमारी पुनम!"

दोन बायकांनी हाताला धरून तिला वर आणलं. अंगावर शाल, हातात नारळ, आणि डोक्यावरची टोपी घसरून नाकावर! मी मनातल्या मनात म्हणत होते, गेलं! आठ महिन्यांचं सगळं पाण्यात गेलं! मी उठले, तिला कवेत घेऊन सरळ गाडीत बसवायचं म्हणून.

पण पुनमने टोपी वर केली. नारळ रतिलालभाईंच्या मांडीत ठेवला. आणि सरांच्या हातातला माईक घेतला!

"मी तानी नाही," ती म्हणाली. आवाज पहिल्यांदा फाटला, मग लागला. "मी या मॅडमना ओळखत नाही. मी यांच्याकडे कधी गेलेली नाही. मी यांना आज पहिल्यांदा बघते आहे. दर बुधवारी मी धुळ्याला इंग्रजीच्या क्लासला जाते. तिथे एक गोरे सर आहेत. ते लंडनचे आहेत. त्यांना मराठी येत नाही, फक्त 'भरीत' एवढा एकच शब्द येतो!"

मी थिजले. सहाशे माणसांसमोर! सलग! न अडखळता! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. गर्दी लंडनच्या सरांपर्यंत येता येता चक्क विश्वास ठेवायला लागली होती. दोन म्हाताऱ्या माना डोलवत होत्या! वाचली पोरगी!

तेवढ्यात वना आबा खुर्चीवरून उठले. त्यांचा ऊर अभिमानाने नुसता फुगला होता.

"ऐका! ऐका! बठ्ठी थाप मारी राह्यनी! दर बुधवारले मीच तं लई जास तिले मॅडमकडे!"

सगळं गाव पुनमकडे वळलं. आणि मग भजनी मंडळातला कोणीतरी टाळी देत ओरडला, "मंग हाईच तानी शे!"

मारुतीचा पार हादरला असेल असा हशा! शिट्ट्या काय, टाळ्या काय! "अजून एक! अजून एक थाप!" शाळेतल्या मुली पाठीमागून ओरडायला लागल्या, आणि त्यात चिडवणं नव्हतं हो, नुसतं कौतुक होतं! रतिलालभाई नारळ मांडीवर घेऊन पुस्तकाचे गठ्ठे सोडत होते. मी पुनमकडे बघितलं. आता ही कोसळते की काय? पुनम हसत होती. कान लाल झाले होते, पण हसत होती!

सूत्रसंचालक सर माझ्याकडे वळले. "मॅडम, आता तुम्हीच निकाल द्या. ओळखता ना हिला?"

काय सांगू तुम्हाला! गाव सगळं ऐकून बसलंय, आजोबा साक्षीला उभे आहेत, तरी माझी सोळा वर्षांची सवय जाते कुठे?

"नाही बाई," मी पायाकडे बघत म्हटलं. "मीपण आज पहिल्यांदाच बघते आहे."

पुनमने माईक अजून सोडला नव्हता. तिने माझ्याकडे अगदी कीव आल्यासारखं बघितलं आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली,

"मॅडम, थाप मारताना खाली बघायचं नसतं!"