दोन वाजताचे बासष्ट ठोके

हेडक्लार्कच्या मनगटावर पट्टा बांधला, तेव्हाच त्यांची नजर घड्याळाकडे गेली. ऑफिस नुकतंच नवं झालं होतं. भिंती पाडून काचा लावलेल्या, जिकडेतिकडे कुंड्या, आणि खुर्च्यांचे रंग असे भडक की बसण्याआधी माणसाने दोनदा विचार करावा. या जागेने लोकांची तब्येत किती सुधारते ते मोजायला साहेबांनी एक संशोधक बाई आणल्या होत्या. पट्टा दिवसभर हृदयाचे ठोके टिपणार होता.

आता पंचाईत अशी, की हेडक्लार्क गेली अकरा वर्षं रोज दोन वाजता रेकॉर्ड रूममध्ये, दोन कपाटांच्या मधे, वीस मिनिटं डुलकी काढत. त्यांचं ब्लडप्रेशर आणि संसार, दोन्ही त्या डुलकीवर चालले होते.

आठवड्याने बाईंनी बोलावलं.

"काका, सगळ्यांचे ठोके नव्वदच्या पुढे. दोन वाजता तुमचे तेवढे बासष्ट. कुठे असता तेव्हा?"

साहेब शेजारीच उभे. हेडक्लार्कनी काचेपलीकडे बोट दाखवलं.

"कुठे म्हणजे? माझ्या टेबलापाशी. काम करतो."

झालं. बाईंनी त्या टेबलाभोवती टेप धरली, उजेड मोजला, वारा मोजला आणि ही जागा आरोग्याला सर्वोत्तम असल्याचं लिहून दिलं. दुसऱ्याच दिवशी अकाउंटंटने पाठदुखीचं निमित्त काढून तिथे खुर्ची सरकवली. टायपिस्टची अर्धशिशी लगेच उपटली. तिसऱ्या दिवशी साहेबांनी भांडण कायमचं मिटवलं, स्वतःच तिथे येऊन बसले.

"मग मी कुठे बसू, साहेब?"

"तुमची तब्येत ठणठणीत आहे. रेकॉर्ड रूममध्ये बसा."

हेडक्लार्कना आनंद पोटात मावेना. तोंड पाडून त्यांनी फायली उचलल्या आणि आत जाऊन मनातल्या मनात साहेबांचे पाय धरले.

दोन वाजले. त्यांनी डोळे मिटले, पण झोप काही येईना. समोर टेबल, टेबलावर फोन, दारावर हुद्द्याची पाटी. इतकी वर्षं ते कामातून पळून इथे येत होते. आता इथून पळायचं तरी कुठे? पाच दिवस असेच गेले, डोळे तारवटले.

शुक्रवारी बाई आल्या आणि आकडा बघून कळवळल्या.

"काका, सत्त्याण्णव! या कोंदट खोलीने पार वाट लावली तुमची. काळजी करू नका, ही कपाटं काढून सोमवारी इथेही काचा बसवायला सांगते."

हेडक्लार्कना रडूच फुटलं. बाईंनी ते समाधान म्हणून अहवालात नोंदवलं.