प्राप्त दिनांक

वझलवार काका हातात येणाऱ्या प्रत्येक वस्तूवर ती मिळाल्याची तारीख घालत. पत्रांवर, औषधांच्या बाटल्यांवर, एकदा तर मी दिलेल्या पुरणपोळीच्या डब्यावर. डबा परत आला तेव्हा झाकणावर ‘प्राप्त’, खाली तारीख आणि लफ्फेदार सही. ती शाई अजून निघालेली नाही. आता मी घासतही नाही.

अमेरिकेत, वेस्ट विंडसरला ते माझ्या शेजारी, मुलाकडे राहत. नागपूरच्या कोर्टात आलेले अर्ज तपासून घेण्यात त्यांची चौतीस वर्षं गेली होती. कुणी उशिरा आलं की ते ‘विलंब माफ’ म्हणत. सुनेची मीटिंग लांबली की ‘जेवण तहकूब’. नातवंडं ‘व्हॉटेव्हर, आबा’ म्हणत जिना चढून जात; काका त्याचीही ‘नोंद घेत’. मुलगा-सून भली माणसं होती, फक्त घरी नसत.

काकांची खरी अशील एकच, इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवरची फरीदा. ती काबूलची. परत गेले तर जिवंत राहणार नाही, म्हणून तिनं इथं आश्रय मागितला होता. इमिग्रेशनच्या न्यायाधीशानं तो नाकारला, मग अपील मंडळानंही. आता फेडरल कोर्टात दाद मागणं एवढंच उरलं होतं, आणि तिच्या वकिलानं अंग काढून घेतलं होतं. मंडळाचा निकाल टपालानं आला त्याच दिवशी तिनं तो काकांना दाखवला. काकांनी पाकिटावर तारीख घातली आणि सांगितलं की मुदत तीस दिवसांची असते, घाबरू नकोस, आज पहिला दिवस.

त्यानंतर काका जे तरुण झाले ते बघत राहावं असं. तांदळाच्या पोत्यांना टेकून, स्टुलावर बसून ते रोज अर्ज लिहीत. फरीदा गिऱ्हाइकं थांबवून उत्तरं देई. अक्षर मोत्यासारखं, आणि डावीकडे दोऱ्यानं शिवायला चार बोटं समास. इथं अर्ज शिवत नाहीत, असं मी म्हटलं तर म्हणाले, “काहून? यांची पानं उडत नाहीत का?”

अठ्ठाविसाव्या दिवशी अर्ज पाठवायला ते माझ्याकडे आले. पत्ता बघावा म्हणून मी कोर्टाची वेबसाइट उघडली. तिथं लिहिलं होतं, मुदत निकालाच्या तारखेपासून. हातात पडल्यापासून नव्हे. निकाल टपालात दहा दिवस फिरला होता. मी दोनदा मोजलं. तो सदतिसावा दिवस होता.

काका आधी हसले. निकालाची नक्कल मिळेपर्यंतचे दिवस मुदतीत कोण धरतं? चौतीस वर्षं ते दिवस त्यांनी स्वतः वजा केले होते. मग स्क्रीनवरच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी ती वाचली. बोट तिथंच राहिलं.

फरीदाला सांगायला ते स्वतःच गेले. मी मागे उभी होते. ती कोथिंबिरीच्या जुड्या लावत होती.

“चाचा, अब मुझे भेज देंगे?”

अर्ज काकांनी त्याच दिवशी पाठवला. दुसऱ्या दिवशी आम्ही फुकट सल्ला देणाऱ्या एका वकीलबाईंकडे गेलो. कोर्ट कदाचित उशीर माफ करील, त्या म्हणाल्या. पण तो कुणामुळे झाला हे त्या माणसानं शपथेवर लिहून द्यायला हवं. आणि परवान्याशिवाय कायद्याचा सल्ला देणं इथं गुन्हा आहे, तेव्हा नीट विचार करा. मुलाला कळलं तेव्हा तो पांढराफटक पडला. बाबा, तुमचं ग्रीन कार्ड जाईल, एवढंच तो म्हणत राहिला.

“उशीर तिचा नाही, माझा आहे,” काका म्हणाले आणि त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सही केली.

फेब्रुवारीत काका गेले. हृदयविकाराचा एकच झटका. मला अजून खरं वाटत नाही. महिनाभरानं कोर्टाचा आदेश आला: उशीर माफ, अर्ज ऐकला जाईल. त्यात काय निघेल, ते वकीलबाईही सांगू शकत नाहीत.

फरीदानं काकांचं ते इंग्रजी प्रतिज्ञापत्र मला तिच्यासाठी हिंदीत वाचायला सांगितलं. चुकीचा सल्ला का दिला, या प्रश्नाखाली काकांनी लिहिलं होतं: “मी या देशात आठ वर्षं आहे. या काळात मला कुणी काही विचारलं नव्हतं. या मुलीनं विचारलं. मला माहीत नाही, एवढं म्हणणं मला जमलं नाही.”

काउंटरपाशी दोन गिऱ्हाइकं उभी होती. फरीदानं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

“फिर से पढ़िए,” ती म्हणाली.