पंधरा पौंडांची नको असलेली हमी

अहो काचेच्या इमारतीतले सट्टेवाले साहेब, तुम्ही लुटारू आहात! तोंडावर सांगतो. ओल्डहॅमच्या सेड्रिक ऑलरनशॉचे पंधरा पौंड तुम्ही दिवसाढवळ्या कापलेत!

सेड्रिक छपरं दुरुस्त करणारा गडी. किटली घेताना काउंटरवरच्या पोरीनं "जादा तीन वर्षांची हमी देऊ?" विचारलं, की हा असा बघणार, जणू तिनं त्याचं मूत्रपिंड मागितलंय! त्या शुक्रवारी त्यानं नव्या बॉयलरचे सगळे पैसे तुमच्या खात्यात टाकले आणि एका बिस्किट कंपनीच्या शेअरवर पैज लावली. भाव पेनीभर चढला की दहा पौंड याचे, पेनीभर उतरला की दहा पौंड तुमचे.

"बॉयलर तर येईलच बेरिल, वर स्पेनची सहल!"

"आणि भाव पडला तर? मी किती दिवस किटलीनं अंघोळ करू?" बायको म्हणाली.

"खाली कुंपण घातलंय ना! आत्ता भाव चारशेतीस पेनी आहे. चारशेला आला की सौदा आपोआप बंद. गेले तर तीनशे पौंड, बस्स!"

पण शुक्रवार म्हणजे तळलेला मासा आणि चिप्स. तेलकट अंगठा घसरला आणि भलत्याच चौकोनावर पडला : 'हमीचं कुंपण'. त्याची फी म्हणून पंधरा पौंड गुल!

सेड्रिक असा ओरडला, की शेजारचा कुत्रा पलंगाखाली गेला. तुमचा फोन लावला, तर सोमवारी बँक हॉलिडे, थेट मंगळवारी बोला!

तरी हा लावतच राहिला. सोमवारी सासऱ्याच्या अंगणात, भुरभुर पावसात, छत्रीखाली सॉसेज भाजता भाजता तुमच्या निरोप घेणाऱ्या यंत्रावर गरजला, "मला ती नकोय! आजच्या आज काढून टाका!"

सासूबाईंनी कोशिंबिरीचं भांडं आपटलं. "माझ्या मुलीला काढून टाकतोस? बावीस वर्षांनी?"

"आई, हमीबद्दल बोलतोय तो," बेरिल म्हणाली. "माझ्यासाठी एवढा फोन कुठला करतोय!"

मंगळवारी बाजार उघडला आणि एकदाचा फोन लागला.

"पोरी, ती हमी रद्द कर. कुंपण मी घातलंच होतं. वर हमी कशाला?"

"सर, आता नाही करता येणार. ती वापरली गेली."

"कुणी वापरली?"

"तुम्हीच. बिस्किट कंपनीचे हिशेब खोटे निघाले. भाव उघडला तोच एकशेनव्वदला."

सेड्रिकनं फोन बेरिललाही ऐकू येईल असा धरला. "म्हणजे बॉयलर…"

"साध्या कुंपणावरून भाव उडी मारून गेला असता. सौदा एकशेनव्वदला बंद झाला असता, चोवीसशे पौंड गेले असते. हमी होती म्हणून बरोबर चारशेला बंद झाला. तीनशेच गेले."

बेरिलनं फोनलाच मुका दिला. सेड्रिकच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बॉयलर वाचला! तीनशेची भर तो एखादं छप्पर जास्त करून घालेल. त्यानं नाक पुसलं, घसा खाकरला.

"आणखी काही मदत, सर?"

"हो. ही हमी सौदा चालेल तितके दिवस चालणार होती ना?"

"हो, सर."

"सौदा तर आज सकाळीच संपला. मग उरलेल्या दिवसांचे पैसे परत देणार की नाही? बोला!"